आठ हजार पौंडांत पहिली ब्रिटिश टप-उघडी गाडी: एमजीबी, मिजेट की स्पिटफायर?

प्रश्न थोडक्यात असा: राहणं कोव्हेंट्रीजवळ, हातात एकूण ८,००० पौंड. पहिलीच जुनी गाडी, टप उघडणारी आणि ब्रिटिश हवी. मनात तीन नावं आहेत, एमजीबी, एमजी मिजेट आणि ट्रायम्फ स्पिटफायर. पाने चालवायची सवय आहे, ऑइल, प्लग, ब्रेक शू घरी बदलता येतात, वेल्डिंग येत नाही. घराला एकच गॅरेज, तेही अरुंद. वर्षाला हजार-दोन हजार मैल, बहुतेक रविवारी, कधी मोटरवेने वेल्सपर्यंत. सहा वर्षांची मुलगी अधूनमधून सोबत असेल. तर यातली कुठली घ्यावी?

उत्तर आधी देतो, कारणं नंतर. तुमच्या गरजेला रबर बंपरची, जून १९७६ नंतर बनलेली, ओव्हरड्राइव्ह (वेगात इंजिनाचे फेरे कमी करणारा जादा गिअर) चालू असलेली एमजीबी सगळ्यांत जवळची आहे. मात्र तिचा पत्रा धड हवा. धड पत्र्याची स्पिटफायर आणि सडक्या पत्र्याची एमजीबी शेजारीशेजारी उभ्या असतील तर बेलाशक स्पिटफायर घ्या. आधी पत्रा बघायचा, मॉडेलचं नाव त्यानंतर.

एवढं ठासून सांगण्याचं कारण पैशाचं आहे. या तिन्ही गाड्यांची इंजिनं साधी आहेत: लोखंडी ब्लॉक, लोखंडी हेड, पुशरॉड, चार सिलिंडर. एमजीबीचं १,७९८ सीसी इंजिन तर आपल्याला परकंही नाही. अ‍ॅम्बॅसॅडरमध्ये जे १,४८९ सीसी पेट्रोल इंजिन वर्षानुवर्षं चाललं, त्याच बीएमसी बी-सीरीज घराण्यातलं हे मोठं भावंड. पिस्टनपासून दाराच्या हँडलपर्यंत जवळजवळ सगळे भाग आजही नवे मिळतात. इंजिन खराब निघालं तर ते उतरवून उघडता येतं आणि खर्च किती येईल हे आधी बऱ्यापैकी सांगता येतं. सडलेल्या पत्र्याचा असा अंदाज बांधता येत नाही. कापायला घेतल्यावरच आतली अवस्था दिसते, आणि नवा तुकडा जोडायला धड कडा शोधत जावं तर गंज आणखी हातभर आत गेलेला असतो. दोन्ही बाजूंच्या सिल, मागच्या स्प्रिंगांच्या टेकणीची जागा आणि मग रंग, एवढं काम ब्रिटनमधल्या गॅरेजात करून घेतलं तर बिल काही हजार पौंडांत जातं. तुमचं निम्मं बजेट तिथेच संपेल. वेल्डिंग येत असतं तर मी वेगळा सल्ला दिला असता.

आता या सिलबद्दल नीट सांगतो, कारण गाडी घ्यायची की सोडायची हे बहुतेक वेळा तिथेच ठरतं. दाराच्या खाली, पुढच्या चाकामागून मागच्या चाकापर्यंत जी पत्र्याची पोकळ पेटी जाते ती सिल. एमजीबीला वेगळी चासी नाही, अंगाचा पत्राच सगळा भार वाहतो. छप्पर असलेल्या गाडीत छपराची मदत होते. टप-उघड्या गाडीत ते काम मुख्यतः या दोन पेट्यांवर आणि दोन सीटांमधल्या, गिअरबॉक्सवरच्या बोगद्यावर येतं. एमजीबीच्या सिलमध्ये बाहेरचा पत्रा, आतला पत्रा आणि दोन्हींच्या मध्ये एक उभा पडदा असतो, आणि खालून कॅसल रेल नावाची पट्टी हे सगळं बंद करते. हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ पाण्याबरोबर पुढच्या मडगार्डच्या आतून इथे शिरतं आणि चिखलात ओलं राहतं. गंज आतून बाहेर येतो. बाहेरच्या रंगाला फोड दिसेपर्यंत मधला पडदा बहुधा गेलेलाच असतो.

यावर एक स्वस्त इलाज खूप वर्षं चालत आला आहे. सडकी सिल जागेवर ठेवायची, तिच्यावरून नवा पातळ पत्रा चढवायचा, कडेने वेल्ड मारायचं, वर पुटी आणि रंग. आपले रंगारी जिला लांबी म्हणतात तीच ही पुटी. बाहेरून सगळं नव्यासारखं दिसतं, ताकद मात्र काहीच आलेली नसते. हे ओळखायची युक्ती अशी: खरी बाहेरची सिल दारापुरती नसते, ती पुढच्या मडगार्डच्या आत आणि मागच्या मडगार्डखाली पुढे जाते. त्यामुळे नीट काम करायचं तर पुढचं मडगार्ड उतरवावं लागतं आणि मागच्या मडगार्डचा खालचा तुकडा कापावा लागतो. मालकाला सरळ विचारा, ‘सिल बदलताना मडगार्ड उतरवले होते का? फोटो आहेत का?’ ज्याने हजारो पौंड खर्चून काम करून घेतलंय त्याच्याकडे फोटो आणि बिलं असतातच. आणखी एक प्रश्न विचारण्यासारखा आहे: कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवी दांडी वेल्ड केली होती का? तसं न करता सिल कापली की गाडी मधून किंचित खचते, आणि नवी सिल त्या खचलेल्या आकारातच पक्की होते. मग दारं आयुष्यभर नीट लागत नाहीत.

म्हणून गाडीजवळ गेल्यावर आधी काहीही न उघडता दाराच्या फटी बघा. दार आणि मागचं मडगार्ड यांच्यातली फट वरपासून खालपर्यंत सारखी हवी. वर अरुंद आणि खाली रुंद असेल तर गाडी मधे खचली आहे. मग दार उघडा. उघडताना ते खाली पडतंय का, लावताना वर उचलावं लागतंय का ते बघा. बिजागरी झिजली असली तरी असं होतं, म्हणून दार अर्धं उघडून टोकाला धरून वर-खाली हलवा. बिजागरीतच खेळ जाणवला तर गोष्ट किरकोळ आहे. बिजागरी घट्ट असूनही दार चौकटीत बसत नसेल तर चौकटच हललेली आहे. नंतर मालकाच्या परवानगीने सिलखालच्या मूळ जागी जॅक लावून ती बाजू हळूहळू उचला आणि दाराची फट बघत राहा. फट बदलत गेली, किंवा उचललेल्या अवस्थेत दार उघडेना, तर तिथूनच मालकाचे आभार मानून परत या. जॅकची जागाच चुरचुरली तरीही तेच. आणि जॅकवर असलेल्या गाडीखाली डोकं घालू नका, खाली वाकायचं तर आधी स्टँड लावा.

बाकी पाहणीला टॉर्च, फडक्यात गुंडाळलेलं चुंबक आणि एक जुनी सतरंजी पुरते. कॅसल रेलवर कारखान्यातल्या स्पॉट वेल्डचे ठरावीक अंतरावरचे खळगे दिसले तर उत्तम. सलग जाड वेल्डची गाठीगाठींची रेघ किंवा नुकताच फासलेला काळा डांबरासारखा थर दिसला तर त्याखाली काय आहे हे कळेपर्यंत थांबा. सीटमागच्या तळाचं झाकण उचलून बॅटरीची पेटी बघा. १९७४ पर्यंतच्या गाड्यांत तिथे ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असत, पुढे १२ व्होल्टची एक आली. सांडलेलं आम्ल ही पेटी आणि आजूबाजूचा पत्रा हमखास खातं. गालिचा उचलून पायाखालची फरशी दाबून बघा, डिकीत मागच्या स्प्रिंगांच्या टेकणीपाशी हात फिरवा. दारावर, छोट्या त्रिकोणी काचेच्या खाली, पत्र्याला उभी चीर असते. ती जवळजवळ प्रत्येक एमजीबीला कधी ना कधी पडते. तिच्यावरून भाव कमी करून घ्या, तेवढ्यासाठी गाडी नाकारू नका.

कधी जाहिरातीत ‘हेरिटेज शेल’ असं दिसेल. ब्रिटिश मोटर हेरिटेजने १९८८पासून मूळ साच्यांवर एमजीबीचे नवे कोरे सांगाडे बनवायला घेतले. अशा सांगाड्यावर नीट बांधलेली गाडी तुमच्या बजेटात सहसा येत नाही, पण थोडी थकलेली एखादी आली तर लगेच बघायला जा.

आता रबर बंपर का. १९६२ ते १९७४ च्या एमजीबीला क्रोमचे बंपर होते आणि लोकांच्या मनात तीच गाडी आहे, म्हणून भावही तिलाच. अमेरिकेच्या नियमांत बसवण्यासाठी १९७४ च्या उत्तरार्धात काळे जाड बंपर आले आणि गाडी दीड इंच उंच केली गेली. त्याच वेळी पुढचा अँटीरोल बारही, म्हणजे वळणावर गाडी कलू न देणारी दांडी, काढला. त्यामुळे १९७५-७६ ची गाडी वळणावर लोळते. जून १९७६ मध्ये पुढे-मागे दोन्ही बार बसवले, पंखे विजेवर चालणारे झाले, डॅशबोर्ड बदलला. म्हणून मी तारीख सांगतोय. तेवढ्याच पैशांत क्रोमची गाडी शोधाल तर पत्र्याची प्रत दोन पायऱ्या खाली उतरलेली मिळेल. दिसण्यासाठी एवढी किंमत पहिल्या गाडीत मोजू नये असं माझं स्पष्ट मत आहे. उंची खटकली तर नंतर खाली आणता येते, त्याची किट तयार मिळतात.

ओव्हरड्राइव्ह हवाच, कारण तुम्ही वेल्सपर्यंत जाणार. एमजीबीला चारच गिअर. ताशी ७० मैलांना चौथ्यात इंजिन जवळपास ३,९०० फेरे घेतं, ओव्हरड्राइव्ह टाकला की सुमारे ३,२००. तासभराच्या प्रवासात हा फरक कानाला आणि पेट्रोलला दोन्हीकडे जाणवतो. तपासायचं असं: चौथ्या गिअरमध्ये ४५ मैलांवर बटण दाबा. एका सेकंदाच्या आत काटा ठळक खाली आला पाहिजे, बटण काढलं की लगेच वर. काहीच झालं नाही तर दोष बहुधा वायर, स्विच किंवा गिअरबॉक्समधल्या कमी ऑइलचा असतो, पण ‘फक्त वायर सुटलीये’ हे मालकाचं म्हणणं भावात धरू नका. एमजीबीचा गिअरबॉक्स इंजिनासकटच बाहेर येतो. क्लच प्लेट बदलायलासुद्धा इंजिन उतरवावं लागतं. तेव्हा ओव्हरड्राइव्ह चालत नसेल तर तो नाहीच असं समजून किंमत करा.

स्पिटफायरकडे येऊ. १९६२ ते १९८० मध्ये तुमच्या शेजारी कॅनलीच्या कारखान्यात बनलेली ही गाडी. तिची चासी ट्रायम्फ हेरल्डवरून आली आहे. मद्रासला बनलेली स्टँडर्ड हेरल्ड ज्यांच्या घरी होती त्यांना खालून बघताना बरंच ओळखीचं वाटेल. चासी वेगळी असली तरी सिलचं महत्त्व इथेही कमी नाही, त्यांच्याशिवाय अंग वळतं. घरी काम करणाऱ्याला मात्र ही गाडी जास्त सोयीची आहे. मडगार्डसकट सगळं नाक पुढे झुकून उघडतं, पुढच्या चाकावर बसून इंजिनाचं काम करता येतं. गिअरबॉक्स आतला बोगदा काढून केबिनमधूनच बाहेर येतो, इंजिन उतरवावं लागत नाही. २४ फुटांत वळते. तुमच्या गॅरेजात एवढंच मोजून घ्या की नाक उघडायला पुढे जागा उरते का. अरुंद आणि आखूड गॅरेजात हीच गाडी अडचणीची ठरते, प्रत्येक वेळी बाहेर काढावी लागते.

मॉडेलमध्ये १९७० अखेरची मार्क फोर किंवा त्यानंतरची घ्या. आधीच्या गाड्यांत वळणावर घाबरून पाय काढला की मागची चाकं आत दुमडल्यासारखी होत आणि मागचा भाग निसटे. मार्क फोरपासून मागच्या आडव्या स्प्रिंगची रचना बदलली आणि तो स्वभाव बराच निवळला. १९७४ अखेरपासूनची १,४९३ सीसीची गाडी जोरदार आहे, पण तिला सतत वरच्या फेऱ्यांवर ताणलं की बिग एंडची (पिस्टनचा दांडा क्रँकला जोडतो तिथली) बेअरिंग झिजतात. म्हणून हिलाही ओव्हरड्राइव्ह असलेलाच बघा.

स्पिटफायरमध्ये दोन गोष्टी तपासल्याशिवाय पैसे देऊ नका. पहिली क्रँकचे थ्रस्ट वॉशर, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा पुढे-मागे सरकू न देणाऱ्या चकत्या. इंजिन बंद ठेवून कुणाला तरी क्लच दाबायला आणि सोडायला सांगा, तुम्ही समोरून क्रँकची पुली बघा. पुली पुढे-मागे सरकताना डोळ्याला स्पष्ट दिसली तर वॉशर झिजलेत. धडधाकट इंजिनात ही हालचाल मिलिमीटरच्या एक तृतीयांशाच्या आत असते. झिजलेला अर्धगोल वॉशर खाली ऑइल पॅनमध्ये गळून पडतो, मग क्रँक थेट ब्लॉकवर घासतो आणि ब्लॉक कायमचा जातो. वेळेत कळलं तर पॅन काढून नवे वॉशर घालण्याचं काम स्वस्त आहे.

दुसरी गोष्ट पुढच्या चाकांचे ट्रनियन. चाक ज्या उभ्या पोलादी कण्यावर वळतं त्याचं खालचं आटे पाडलेलं टोक पितळी रंगाच्या धातूच्या ट्रनियनमध्ये फिरतं. त्यात ईपी ९० गिअर ऑइल भरायचं असतं. वर्षानुवर्षं लोक सवयीने ग्रीस भरत आले. ग्रीस आट्यांत खोल पोचत नाही, पाणी मात्र पोचतं, कणा आतून गंजतो आणि एके दिवशी तुटतो. चाक आडवं होऊन गाडी नाकावर बसते. मालकाला विचारा, ‘ट्रनियनमध्ये काय भरता?’ ‘ग्रीस’ असं उत्तर आलं तर दोन्ही बाजूंचे कणे आणि ट्रनियन नवे टाकायचा खर्च भावातून वजा करा. ‘गिअर ऑइल’ असं चटकन उत्तर देणाऱ्याने बाकीची गाडीही निगुतीने ठेवलेली असते, हा माझा नेहमीचा अनुभव आहे.

मिजेट थोडक्यात उरकतो. लहान आणि चपळ गाडी, अरुंद गल्लीत तिच्यासारखी मजा दुसरी देत नाही. पण तिला ओव्हरड्राइव्ह कधी आलाच नाही. १,२७५ सीसीची मिजेट ७० मैलांना ४,००० च्या वर फेरे घेते आणि पहिल्या गिअरला सिंक्रो नसतो, म्हणजे पूर्ण थांबूनच पहिला टाकायचा. शेवटची १५०० ही स्पिटफायरच्याच इंजिनाची. पाय ठेवायची जागा इतकी अरुंद की रुंद बूट घालून दोन पेडल एकदम दाबली जातात. तुमची उंची पावणेसहा फुटांच्या वर असेल तर टप लावून अर्धा तास चालवून बघा. तिला सिलसोबतच मागच्या स्प्रिंगच्या टेकणीपाशी गंज धरतो. वेल्सच्या प्रवासाचा विषय नसता तर मी मिजेट यादीत वर ठेवली असती.

मुलीबद्दल. या तिन्ही गाड्या दोघांच्याच आहेत, एमजीबीच्या मागच्या फळीवर मूल बसवायचा विचारही करू नका. एका वेळी एक मोठं माणूस आणि मुलगी असं जाणार असाल तर पुढच्या सीटवर योग्य बूस्टर लावता येतो, पण त्यासाठी तीन टोकांचा पट्टा हवा. पट्टा आहे का, त्याची टेकणी गंजलेली नाही ना, हे त्याच वेळी बघा. टेकणी सिलवर आणि चाकाच्या कमानीवर असते, म्हणजे पुन्हा पत्र्याचाच प्रश्न. तिघांनी एकत्र जायचं असेल तर मात्र चौथं नाव घेतो: ट्रायम्फ हेरल्ड १३/६० कन्व्हर्टिबल, १९६७ ते १९७१. चार जणांची जागा, स्पिटफायरचीच जातकुळी, तेच ट्रनियन, तेच उघडणारं नाक. पळायला संथ. पण रविवारी तिघांना बाहेर पडायचं असेल तर स्पोर्ट्स कार या शब्दाचा हट्ट सोडून हिचा विचार जरूर करा. मागे पट्टे बसवलेली निवडा.

‘कॅलिफोर्नियाहून आणलेली, गंज नाही’ अशा जाहिरातीही दिसतील. कोरड्या राज्यांतल्या गाड्यांचा खालचा पत्रा खरोखर चांगला असतो, या गाड्या वाईट नाहीत. पण १९७५ नंतर अमेरिकेला गेलेल्या एमजीबींना दोन एसयू कार्ब्युरेटरऐवजी एकच स्ट्रॉमबर्ग होता आणि ताकद खूपच कमी. स्टेअरिंग डावीकडून उजवीकडे आणलं असेल तर ते काम कुणी केलं याची बिलं मागा. उन्हाने फाटलेली डॅश आणि सीट हा वेगळा खर्च.

चालवून बघायला जाताना मालकाला आधीच सांगा की इंजिन गार ठेवा. पोचल्यावर रेडिएटरला हात लावा, गरम असेल तर काहीतरी झाकलंय असं धरून चाला. सुरू करताना निळा धुराचा एक फुरका येऊन थांबला तर व्हॉल्व्हच्या गाइड झिजल्यात, ते चालेल. चढावर जोर देताना सतत निळा धूर आला तर रिंगा गेल्या. एमजीबी पूर्ण तापल्यावर चालताना ऑइलचा दाब चौरस इंचाला ५० ते ८० पौंड आणि थांबल्यावर १० ते २५ च्या दरम्यान दाखवते. त्याखाली असेल तर इंजिन उघडायची तयारी ठेवा. न्यूट्रलमध्ये क्लच सोडलेला असताना गिअरबॉक्स खडखडत असेल आणि क्लच दाबल्यावर आवाज थांबत असेल तर आतली बेअरिंग झिजलीत. तारेची चाकं असतील तर एक चाक उचलून, कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगून, चाक हाताने पुढे-मागे हलवा. ‘टक्’ असा खेळ जाणवला तर हबचे दाते झिजले आहेत. चार हब आणि चार चाकं मिळून ही रक्कम मोठी होते, म्हणून पहिल्या गाडीला साधी पोलादी चाकं बरी. खाली ऑइलचे चार थेंब दिसले तर काळजी करू नका, डबकं दिसलं तर करा.

कागदपत्रांत व्ही५सी (नोंदणीपत्र) वरचा चासी नंबर गाडीशी जुळवा. ४० वर्षांवरच्या गाडीला रोड टॅक्स शून्य असतो, पण गाडी ऐतिहासिक वर्गात नोंदवलेली हवी, आपोआप होत नाही. लंडनच्या यूलेझमध्येही, म्हणजे जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांना पैसे पडतात त्या भागात, मग सूट मिळते. फारसे फेरफार न झालेल्या अशा गाडीला २०१८पासून एमओटीची, म्हणजे गाडीच्या वार्षिक तपासणीची, सक्तीही नाही, आणि नवख्याला धोका इथेच आहे: पाच-सहा वर्षं कुणीच खालून बघितलेली नाही अशा गाड्या बाजारात आल्या आहेत. सरकारी संकेतस्थळावर नंबर टाकला की जुना एमओटी इतिहास फुकट दिसतो. २०१६-१७ मध्ये ‘सिलला गंज’ असा शेरा असेल आणि त्यानंतर वेल्डिंगचं बिल नसेल तर गंज अजून तिथेच आहे. मालकाला म्हणा, नवीन एमओटी करून द्या, त्याची जास्तीत जास्त ५४.८५ पौंडांची फी मी देतो. नकार आला तर तोही उत्तरच आहे.

पैशांची वाटणी अशी करा: गाडीला ५,५०० ते ६,०००, पहिल्या दोन महिन्यांच्या कामाला १,२०० ते १,५००, उरलेले विमा आणि अडीअडचणीला. सगळे ८,००० खरेदीत घातले तर गाडी पहिल्याच हंगामात सुट्या भागांची वाट बघत उभी राहील. विमा ‘अ‍ॅग्रीड व्हॅल्यू’चा घ्या, म्हणजे गाडी गेली तर ठरलेली रक्कम मिळते. बघायला नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ चांगला, उन्हाळ्याच्या तोंडावर भाव चढतात. मात्र भिजलेली गाडी बघू नका, ओल्या रंगात पुटीचे लाटांसारखे उंचवटे लपतात.

घरी आणल्यावर पहिलं काम टायरचं. टायरवरचा चार आकड्यांचा शिक्का आठवडा आणि वर्ष सांगतो, दहा वर्षांवरचा टायर नक्षी शिल्लक असली तरी काढा. ब्रेकच्या सगळ्या रबरी नळ्या नव्या, ब्रेक ऑइल डॉट ४. पेट्रोलच्या नळ्या आर९ प्रतीच्या घाला आणि ई५ म्हणजे सुपर अनलेडेडच भरा. २०२१पासून साध्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते जुनं रबर मऊ करून टाकतं, गरम इंजिनाजवळ पेट्रोल गळणं म्हणजे आग. इंजिन ऑइल २०डब्ल्यू५० मिनरल. एमजीबीच्या पुढच्या किंगपिनना (पुढची चाकं ज्यांवर वळतात ते उभे कणे) दर ३,००० मैलांना ग्रीस द्या, तुमच्या धावेला म्हणजे वर्षातून एकदा. शिवाय कोरड्या दिवशी सिलच्या भोकांतून लांब नळीने आत मेण फवारून घ्या, पाणी निथळायच्या चिरा मात्र बुजवू नका.

घाई करू नका. पहिल्या तीन गाड्या फक्त बघायला जा, भावाचं बोलणं काढू नका. चौथ्या गाडीपर्यंत दाराच्या फटी तुमच्या डोळ्यांना आपोआप दिसायला लागतील. एमजी ओनर्स क्लब किंवा ट्रायम्फ स्पोर्ट्स सिक्स क्लबच्या स्थानिक बैठकीला एकदा जाऊन या, गाडी बघायला सोबत येणारं जाणतं माणूस बहुधा तिथेच भेटतं. आणि एखादी गाडी मनात भरली तर पैसे देण्याआधी दोन्ही दारांच्या मागच्या फटी, दोन्ही बाजूंची कॅसल रेल आणि बॅटरीची पेटी यांचे फोटो इथे टाका. गाडी धुऊन वाळल्यावर काढलेले चालतील, फक्त प्रकाश आडवा असू द्या.